पिवळा बिल्ला

गुरांच्या डॉक्टरांनी चिमट्यात विम्याचा पिवळा बिल्ला अडकवला, तशा रूपालीच्या सासू प्रयागबाई गाईच्या तोंडापुढे येऊन उभ्या राहिल्या. कान टोचू देणार नाही म्हणाल्या.

रूपालीनं दावं आणखी आखडून धरलं. कडेवर नऊ महिन्यांची लेक होती. मोरी गाय त्या लेकीसाठीच आली होती. बाळंतपण आटोपून रूपाली सासरी निघाली, तेव्हा वडिलांनी जऊळक्याहून मोरीला टेम्पोत चढवून दिलं होतं, नातीच्या तोंडी घरचं दूध लागावं म्हणून. उन्हाळ्यात मोरीला दगडी झाली, कास सुजली आणि तिचा एक सड कायमचा बंद पडला. तेव्हापासून रूपालीच्या जिवाला घोर. ही गेली तर दुसरी गाय या घरात कोण आणणार? दोन महिने ती विम्यासाठी मागे लागली होती.

आणि दोन महिने सासू आडवी येत होती. आज म्हणे, कान सडतो. उद्या म्हणे, विम्याचं जनावर टिकत नाही. हप्त्याच्या पैशात सरकीच्या ढेपेचं पोतं येते, हे तर रोजचंच. रूपाली बारावी शिकलेली. अडाणीपणाचं कौतुक पुरे करा, असं ती एकदा बोलून गेली. "तुया बापानं गाय देली, अक्कल नाही देली," सासूनं सुनावलं. त्यानंतर चार दिवस दोघींनी आपापल्या भाकरी वेगळ्या थापल्या.

पवनला, रूपालीच्या नवऱ्याला, तीन सडांच्या गाईची ढेपही जड झाली होती. एकदा तर तो न विचारता मोरीला शेलूबाजारला विकायला घेऊन गेला. निम्म्या किमतीलाही कुणी हात लावला नाही. आणि आज तोच स्वतः गाडीवर बसवून डॉक्टरांना घेऊन आला. रूपालीला भरून आलं. सकाळी तिनं मोरीला धुतलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं.

डॉक्टरांनी प्रयागबाईंना समजावून बाजूला केलं. दात पाहिले, कास चाचपली, रूपालीला गाईजवळ उभं करून फोटो काढला. विम्याची रक्कम लिहिली. बाजारात आले असते त्याच्या दुपटीहून जास्त.

पवननं कागदावर वाकून आकडा पाहिला.

"आजारानं मेली तं किती दिवसांनी पैसे भेटतात?"

"पहिले पंधरा दिवस नाही. त्यानंतर केव्हाही."

"पोट फुगून गेली तं?"

"तरी मिळतात. मेल्यावर मी येऊन तपासतो."

पवननं मनाशी हिशेब केला. "म्हंजे पोळ्याच्या आत होऊन जाते."

डॉक्टरांचा हात थांबला. मोरी मान लांबवून लेकीचा लोंबता पाय चाटत होती आणि लेक खिदळत होती.

रूपालीनं दावं सोडून दिलं.

"बिल्ला नका मारू डॉक्टरसाहेब. इमा नसला तं मेल्यावर ह्यांचंच नुकसान होते. त्या भेवानं तरी जगवतील तिले."

पवननं बादली लाथेनं उडवली. बायकोच्या बापाचा, गाईचा उद्धार करत तो बाहेर पडला. डॉक्टरांनी कागद फाडला, पेटी उचलली आणि फाट्याकडे पायीच निघाले.

सासू आता टोमणा मारणार, म्हणून रूपाली मान खाली घालून उभी राहिली. प्रयागबाईंनी नुसती नात आपल्याकडे घेतली. तेव्हा रूपालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमाले मालूम होतं, आई. मंग मले सांगतलं काहून नाही?"

"दोन महिने सांगूनच तं राह्यली होती," प्रयागबाई म्हणाल्या. "लेकाचं नाव तेवढं तोंडातून निघालं नाही."