हळू रे गाढवा

जोहान्सबर्गच्या दवाखान्यात वारलेल्या बाबांचा आत्मा रिवाजाप्रमाणे बोरीच्या फांदीवर बसवून लवाझी गावी निघाला. गाडीत दोन आत्या बसल्यावर जागाच उरली नाही, म्हणून फांदी मागच्या भाड्याच्या ट्रेलरमध्ये, बाबांच्याच पलंगावर ठेवली.

"नदी आली की त्यांना सांग, घर आलं की उतरा म्हण," काकांनी बजावलं होतं. "वाटेत राहिलेला माणूस घराला सुख लागू देत नाही, लेका."

लवाझी ट्रेलर पहिल्यांदाच ओढत होता. वळणावर तो शेपटीसारखा हलायचा. "बाबा, तुगेला नदी आली," लवाझी खिडकीतून ओरडला. जिवंतपणी मागे बसून "हळू रे गाढवा" म्हणणारे बाबा आज गप्प होते.

अंगणात ट्रेलर मागे घेताना कोंबड्यांचं खुराडं आडवं झालं. त्या गोंधळात पलंग उतरला, फांदी घरात गेली आणि ट्रेलर गावाजवळच्या भाडेवाल्याकडे परतही देऊन झाला.

"उतरा म्हणालास ना?" संध्याकाळी काकांनी विचारलं.

लवाझीने भाडेवाल्याला फोन लावला.



"तो ट्रेलर? तो तर एका नवरदेवाने नेला. चौकातूनच त्याचा फोन आलाय, मागून कोणीतरी त्याला गाढव म्हणतंय."