बारावा होकार

पाद्रीबाबा हेलिकॉप्टरने बेटावर उतरले आणि नेमका नवरदेव हाइनीच समुद्रात अडकला. फॅरो बेटांवरच्या त्या गावाचा धक्का म्हणजे कड्यातली एक खाच. लाटा खवळल्या की तिथे होडी लागणं अशक्य. लग्न आधीच दोनदा पुढे गेलं होतं. रान्वा नवरीच्या पोशाखात कड्यावर उभी राहून समोर हिंदकळणाऱ्या हाइनीच्या होडीकडे बघत होती.

"धुकं यायच्या आत मला निघायला हवं, पोरी. आता वसंतात बघू," पाद्रीबाबा म्हणाले.

"वसंतातही समुद्र हाच असणार," म्हणत रान्वाने त्यांना हाताला धरून घरात वायरलेसपाशी नेलं. "इथून विचारा. ऐकतोय तो."

पाद्रीबाबांनी थोडी कुरकुर केली, मग घसा खाकरला. रान्वाने त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच 'हो' म्हणून टाकलं. मग बटण दाबून त्यांनी विचारलं, "रान्वाला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?"

वायरलेस खरखरला आणि आसपास मासेमारी करणाऱ्या अकरा होड्यांतून एकापाठोपाठ एक 'हो' आला. त्यातला एक तर रान्वाच्या ऐंशी वर्षांच्या शेजाऱ्याचा होता.

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. "यातला तुझा कुठला गं?"

रान्वाला हसू आवरेना. तेवढ्यात वायरलेसमधून हाइनीचा रडकुंडीला आलेला आवाज आला,



"अरे, मला बोलू द्या रे मेल्यांनो, लग्न माझं आहे."