एकशे वीस पायऱ्या

“आता जे सांगतो त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही,” मामा म्हणाले. “तूही ठेवू नकोस. नुसतं ऐक.”

परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर मामा आणि त्यांची भाची बसली होती. भाचीचं वय त्रेचाळीस, घरातलं नाव अजूनही चिमणी. पावाच्या कारखान्यात बावीस वर्षं पीठ मळून तिचे दंड मामांच्या मांड्यांएवढे झाले होते, पण नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दार उघडायला वीस मिनिटं होती. चिमणीने पर्स पोटाशी घट्ट धरली होती आणि तिची नजर फाटकावर होती.

त्या फाटकाशी तिची जुनी ओळख. पाळीप्रमुख व्हायचं तर गणिताचा पेपर पास व्हावा लागे. पहिल्या वेळी घरचा नळ चालू राहिलाय असं सांगून ती त्याच फाटकातून पळाली. दुसऱ्या वेळी आत बसली, सुबक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि बाकी कागद कोरा देऊन आली. आकडे दिसले की तिच्या कानात भुंगा शिरे, तळवे ओले होत, आणि सहाचे नऊ, नवाचे सहा होऊन मुंग्यांसारखे सैरावैरा धावू लागत. हीच बाई कारखान्यात चाळीस पावांच्या पिठाला लागणारं पाणी पंचाहत्तर पावांसाठी न मोजता बरोबर वाढवून घालायची. कसं काय, असं विचारलं तर म्हणायची, हाताला कळतं. पण पेपर हाताला विचारत नाही.

आजची संधी तिसरी आणि शेवटची. ती हुकली की जागा साहेबांच्या मेव्हण्याची. हा मेव्हणा म्हणजे पाव फुगलेत का ते बघायला दर दोन मिनिटांनी भट्टीचं दार उघडणारा इसम. त्याच्या हाताखाली उरलेली पंधरा वर्षं बसके पाव काढायचे, या विचाराने चिमणी आठवडाभर जेवली नव्हती.

मामांना बहिणीने एकच काम सांगितलं होतं. दार उघडेपर्यंत पोरीला बाकावरून उठू द्यायचं नाही. मामांनी जन्मभर लाकडी जिने केले होते, आणि त्याहून जास्त थापा.

तर मामा पंचविशीत असताना समुद्रकाठच्या एका दीपगृहाचा जिना वाळवीने खाल्ला. मामांनी पंधरा दिवसांत नवा गोल जिना उभा केला, एकट्याने.

“एकट्याने?” फाटकावरची नजर न काढता चिमणीने विचारलं.

“बोकड होता मदतीला. येतोच तो पुढे.”

सोळाव्या दिवशी भर दुपारी असं धुकं उतरलं की मामांना स्वतःची मिशी दिसेना. वर दिव्याची काच तडकलेली, नवी काच खाली पेटीत. दिवेवाल्याचा पाय मुरगळलेला. आणि तेवढ्यात समुद्रावरून भोंगा ऐकू आला. एक जहाज सरळ खडकांकडे निघालं होतं आणि त्याच्यावर तीनशे माणसं होती, शिवाय एक आख्खी बँडपार्टी. बँड वाजतही होता, असं मामांचं म्हणणं.

“धुक्यात?” चिमणी म्हणाली. आता ती मामांकडे बघत होती.

“त्यांना कुठे माहीत होतं बुडणार आहेत ते?”

मामांनी काच डोक्यावर घेतली. मोठ्या कलिंगडाएवढी काच, जरा धक्का लागला की चुरा. पहिली पायरी चढले आणि बोकडाला वाटलं, डोक्यावर खाऊ आहे. तोही मागे. मामा जोरात तर बोकड जोरात, मामा थांबले तर बोकडाची धडक. चिमणीला हसू फुटलं. पर्स मांडीवरून घसरली ती तिने उचललीसुद्धा नाही.

“साठ फुटांचा मनोरा,” मामा आता बाकावरून अर्धे उठले होते. “जमिनीपासून दिव्यापर्यंत साठ, सरकारी कागदावर आहे. पायऱ्या एकशे वीस. एकेक पायरी नऊ इंच उंच, या हातांनी मापून बसवलेली. एकाही पायरीवर श्वास घेतला नाही.”

ही गोष्ट मामांनी चाळीस वर्षं सांगितली होती. इंजिनियरांना सांगितली, शाळामास्तरांना सांगितली, एकदा खऱ्या कप्तानालाही सांगितली. प्रत्येकाने बोकडावरच शंका घेतली होती.

खोलीचं दार उघडलं. कारकुनाने यादीतलं पहिलं नाव पुकारलं. ते चिमणीचंच होतं.

ती उभी राहिली. पर्स उचलून खांद्याला लावली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, नजर कुठेतरी लांब. मग ती वळली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली. एक पाऊल, दोन, तीन.

मामांचा बोकड ऐंशीव्या पायरीवर तसाच राहिला. बहिणीला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. कारकुनाने दुसऱ्यांदा नाव पुकारलं आणि पेन्सिल यादीवर टेकवली.

चौथ्या पावलाला चिमणी थांबली. तिचे ओठ हलत होते. चार बोटं पर्सवर हलकेच आपटत होती, चार, पुन्हा चार. मग ती गर्रकन वळली, तरातरा परत आली आणि कारकुनासमोर, सगळ्या उमेदवारांसमोर मामांच्या पुढ्यात उभी राहिली.

“थापाड्या मामा,” ती म्हणाली, “चार पायऱ्यांचे झाले तीन फूट. एकशे वीस पायऱ्यांचे नव्वद. मनोरा तुझा साठ फुटांचा. मग वरचे तीस फूट तू आणि तुझा बोकड काय हवेत चढलात?”