वर्तुळ की वृत्त?

विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचं बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिलं आणि शाळेत भूमिती हिंदीतून सुरू झाली. मी पेपरात हिंदीतल्या ‘वृत्त’ऐवजी आपलं मराठी ‘वर्तुळ’ लिहिलं, म्हणून नव्या सरांनी अख्ख्या पेपरला शून्य दिलं. नापास झाले तर बाबा शाळा बंद करून लग्नच लावणार होते.

“सर, दोन्ही शब्द एकाच ‘वृत्’ धातूतले. वृत् म्हणजे फिरणं.”

“जबान मत लडाओ! वर्तुळ लिखना है तो नागपुर जाओ!”

मी भर वर्गात पेपर वर धरला आणि त्यांच्याच लालभडक शून्यावर बोट ठेवलं. “तो सर, ये क्या बनाया आपने?”

“अंधी है क्या? गोल है, गोल!”

मी तिथंच ‘वर्तुळ’ खोडलं, ‘गोल’ लिहिलं आणि पेपर त्यांच्या हातात परत दिला.