एका गिअरचा घाट

मंगरू मिस्त्रीने पोत्यावर दातेरी चाकांच्या दोन जोड्या मांडल्या आणि बापूजींकडे पाहिलं.

बापूजी लाकडाचे ठेकेदार. त्यांची लाल, विनाटपाची इंग्रजी दोन-सीटर गेला महिनाभर घाटाच्या पायथ्याशी, मंगरूच्या शेडमध्ये उभी होती. मूळचं इंजिन फुटलं होतं. त्या जागी मंगरूने जीपचं इंजिन आणि जीपचीच तीन गिअरांची पेटी बसवली होती. आता मागच्या धुऱ्यात कोणते दाते घालायचे, एवढंच ठरायचं होतं.

“हे पाहा,” मंगरू म्हणाला, “ही जोडी गाडीची सोताची. लहान चाकाले दहा दाते, मोठ्याले एकेचाळीस. सपाटीवर साठ मैलानं उडन. पण घाटातल्या वळणावर दुसऱ्या गिअरात याच लागन. अन् ही लष्कराच्या लॉरीची. सहाले सदतीस. पहाड चढन, पण सपाटीवर चाळिसाच्या वर जाणार नाई.”

“हिच्यात वळणावर गिअर बदला लागन का?”

“नाई. पायथ्यापासून माथ्यापर्यंत टॉपमध्येच.”

“मंग हेच बसव.”

मंगरूच्या हातातला पाना थांबला. लढाईच्या दिवसांपासून त्याने किती गाड्या उघडल्या, किती जुळवल्या. पण असली गाडी बाळगून वेग नको म्हणणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. लॉरीचा धुरा कापून, सांधून त्याने ती जोडी बसवली.

चौथ्या दिवशी भर दुपारी गाडी बाहेर निघाली. “तूच चालव,” बापूजी म्हणाले आणि डाव्या सीटवर बसले. चैत्राचं ऊन. सागाला पान नव्हतं, त्यामुळे जंगलातसुद्धा सावली नव्हती. रातकिडे भरदिवसा किरकिरत होते. मंगरूच्या लक्षात आलं, की बापूजी आपल्या बाजूच्या दाराला अंग लागू देत नाहीत.

“इंजिन कसं फुटलं, तुले सांगतलं नाई मी,” बापूजी समोर बघत म्हणाले. “माघात त्या वळणावर एक बाई उभी होती. कडेवर पोरगं. गोंडीत बोलत होती, मले ‘दवाखाना’ एवढंच समजलं. मी दुसरा गिअर घ्याले क्लच दाबला. गाडी मंद झाली, तं तिनं या दारावर हात ठेवला.”

“मंग?”

“गिअर पडला. गाडी निघाली.”

“अन् बाजूची सीट?”

“रिकामीच होती.”

मंगरूने समोरच्या चढाकडे नजर वळवली.

“ती पायीच निघाली म्हणते अहेरीच्या दवाखान्यात. दोघंबी वाटेत गेले. तवापासून त्या वळणावर क्लच दाबला का दारावर हात येते. गिअर पडेपर्यंत राह्यते, मंग जाते. म्हणून मी तिथी गिअर बदलणंच सोडलं. टॉपमध्येच रेटलं रोज. एक दिवस इंजिनच फुटलं.”

वळण आलं. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला, पण मंगरूने क्लचला पाय लावला नाही. सहाला सदतीस दात्यांनी गाडी दमानं वर ओढली. दारावर काही आलं नाही. माथ्यावर पोचल्यावर बापूजी एकदम हसले, लहान मुलासारखे. “जमलं, मंगरू! जमलं!” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मंगरूने गाडी वळवली. पायथ्याशी येऊन पुन्हा वळवली आणि परत घाट चढायला घेतला.

“आता काऊन?”

“एक गोष्ट पाहाची राह्यली, बापूजी.”

वळणावर त्याने क्लच दाबला. मग ब्रेकही दाबला. गाडी थांबली आणि त्याबरोबर रातकिडेही थांबले. गाडी डावीकडे किंचित कलली. दाराला कुणी टेकलं की कलते, तेवढीच. बापूजी दारापासून आत सरकले.

“उतरा,” मंगरू म्हणाला.

“काय?”

“सीट तिची हाय. इथी दोघंच बसते.”

तो स्वतः आधी उतरला. बापूजी त्याच्या सीटवरून सरकत उजवीकडून रस्त्यावर आले आणि तिथेच उभे राहिले. मंगरू फेरा घालून डाव्या बाजूला गेला. त्याने दार उघडून धरलं, नजर खाली केली आणि आपल्या गोंडीत म्हणाला, “बस, बाई. उशीर झाला.”

स्प्रिंग करकरली आणि हळूच दबली. मंगरूने दार लावलं, आवाज न करता.

पहिला, दुसरा, मग टॉप. घाट संपून सपाटी लागली. अहेरी अकरा मैल. मंगरूने पाय पार दाबला, पण काटा चाळिसाशी अडून बसला. मागचा धुरा नुसता घोंघावत राहिला. दहाला एकेचाळीसची जोडी शेडमध्ये पोत्यावर पडली होती. ती असती तर आतापावेतो निम्मी वाट सरली असती. इतक्या वर्षांत त्याला आपल्या कामाचा पहिल्यांदाच राग आला.

उघड्या गाडीत वारा भट्टीसारखा अंगावर येत होता. मंगरूने डावीकडे पाहिलं नाही.

“पोराले पदराखाली घे, बाई,” तो म्हणाला. “झळ लागते.”