भुंग्यांची आंघोळ

सुनेत्रा गेल्यावर दीड वर्षानं, २०१०च्या मे महिन्यात, दीनानाथ व्हिटबी गावाजवळच्या डेअरी फार्मवर तिच्या क्लोव्हरचं शेत बघायला गेले. गुरांचा हा चारा एरवी दोन हिवाळ्यांत संपतो. तिनं जन्मभर खपून तयार केलेलं वाण पाचव्या हिवाळ्यानंतरही हिरवंगार होतं. "तुम्हीही शास्त्रज्ञ?" शेतकऱ्यानं विचारलं. "छे! मी इंजिनियर. बायकोच्या भुंग्यांना आंघोळ घालायचो." शेतकरी बघतच राहिला, तेव्हा त्यांनी समजावलं. भुंग्यांच्या अंगावरचे इतर फुलांचे पराग निघून जावेत म्हणून दर रविवारी ते बेसमेंटमधल्या सिंकमध्ये चहाच्या गाळणीत एकेक भुंगा धुवायचे; सुनेत्रा तो टिपकागदावर वाळवून निवडलेल्या रोपांच्या जाळीत सोडायची. एखादा त्यांना डसला की ती आधी भुंग्याची चौकशी करायची. शेतकरी खदखदून हसला आणि त्यानं बायकोलाही बाहेर बोलावलं. दीनानाथांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी सावकाश.