नवी तात

सारंगीच्या तीन तातींतली एक तुटली तेव्हा अंबडच्या तालुका स्पर्धेला पंधरा दिवस उरले होते. शाळेत सारंगी एकच, अन् वाजवणारी सातवीतली आसराही एकटीच. गुरुजी हवालदिल झाले. आसराचा बाप मल्हारी म्हणाला, “फिकीर करू नका, गुर्जी. लोकर पिंजायच्या धनुकलीला मीच तात वळतो की.” त्याच आठवड्यात आसरानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या चिमणी नावाच्या कोकराला लांडग्यानं नेल्याचं बापानं सांगितलं. तिनं रडतरडतच नव्या तातीवर रियाज केला अन् स्पर्धेत पहिला नंबर आणला. गुरुजींनी मल्हारीची पाठ थोपटली: “काय बोलते तात!” “बोलंलच की,” बाप खुशीत म्हणाला, “कवळ्या आतड्याची हाय, चिमणीच्या.” अन् त्यानं जीभ चावली. आसराचं बोट तातीवरच थिजलं. “बा, लांडगा...?” गुरुजी मात्र सारंगीच न्याहाळत होते. “जिल्हा स्पर्धेआधी उरलेल्या दोन्ही ताती बदलून दे, मल्हारी.”